भिंतीकडं तोंड केलेला इंग्रज

लातुरात पोराला "मोठेपणी कोण होणार?" असं कुणी विचारत नाही. "कोणत्या बॅचला हायेस?" एवढंच विचारतात, बाकीचं ठरलेलं असतं. चौकाचौकात होऊ घातलेल्या डॉक्टरांचे फलक, फलकावर मार्क, मार्कांशेजारी हसरी पोरं आणि पोरांपेक्षा जास्त हसणारे त्यांचे सर. अशा गावात विरूपाक्ष धनुरे नावाचे सर तीस वर्षं इंग्रजी शिकवत राहिले आणि त्यांचा फलक कधी कुठं लागला नाही. डॉक्टर व्हायच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपरच नसतो, त्याला सर तरी काय करणार!

त्यांचा क्लास सरकी पेंडीच्या दुकानावरच्या माडीत. जिना चढेपर्यंत पेंडीचा वास कपड्यांत शिरायचा आणि घरी जाईपर्यंत सोबत करायचा. शेजारच्या इमारतीतले फिजिक्सवाले सर म्हणत, "धनुरे सरांचं इंग्रजी पौष्टिक. म्हशी वाढतात त्याच्यावर!" विरूपाक्ष सर स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसत. त्यांच्याकडं यायची ती गावातली उरलीसुरली मंडळी. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा बजरंग, ज्याला परदेशी व्हिडिओ बघून दुरुस्ती शिकायची होती. पोरांच्या इंग्रजी शाळेत पालकसभेला बोलावलं की नवऱ्याला पुढं करणारी दामिनी. शिवाय काही बँकेवाले, काही मुलाखतवाले.

सर व्याकरण शिकवत, पत्रलेखन शिकवत, पण ते नवऱ्यानं सासुरवाडीला जावं तसं, कर्तव्य म्हणून. त्यांचा खरा जीव जडला होता तो कानाला सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्यांवर.

"जुळ्यांच्या आईला इचारा," ते म्हणत, "थोरलं कोणतं न् धाकलं कोणतं, तिला डोळे झाकून कळतं. आपुन आई न्हाई. आपुन शेजारी. म्हणून आपला घोळ होतो."

मग ते एकेक जुळं हातात घेत. शीप म्हणजे मेंढरू आणि शिप म्हणजे जहाज. "शीप म्हणताना ओठ ताणा. कसे? जावई दारात आला की सासू हसती तसे. आन् शिप म्हणताना तोंड सैल सोडा. जावई गेल्यावर सासूचं होतं तसं." प्राइझ म्हणजे बक्षीस, प्राइस म्हणजे किंमत. "गळ्यावर बोट ठेवा. प्राइझच्या शेवटाला गळा गुणगुणतो, प्राइसच्या शेवटाला गप्प राहतो. बरोबरच हाय. बक्षीस मिळालं की माणूस गुणगुणतो, किंमत ऐकली की गप्प होतो." फिफ्टी म्हणजे पन्नास, फिफ्टीन म्हणजे पंधरा. "फिफ्टी म्हणताना पहिल्या पायरीवर जोर द्यायचा न् उरलेला जिना घसरत उतरायचा. फिफ्टीनला शेवटच्या पायरीवर पाय रोवून उभं राहायचं. आपल्या जिन्यावर करून बघा, पण पेंडीच्या पोत्यावर पडू नका."

हा कान त्यांना आला कुठून? रेणापूरजवळच्या खेड्यात त्यांचे वडील गुरुबसप्पा किराणा दुकान चालवत. आई उदगीरकडची, म्हणून घरात कन्नड. दुकानात मराठी. बाजाराच्या दिवशी दख्खनी. आणि दिवेलागणीला रेडिओवर, खरखरीच्या पलीकडून, इंग्रजी बातम्या. विरूपाक्षाला त्यातलं काही समजत नसे, पण निवेदक बदलला की तो नुसत्या श्वासावरून ओळखत असे. गुरुबसप्पांनी त्याला गल्ल्यावर बसवून पाहिलं, तर गिऱ्हाईक काय मागतं त्याऐवजी कसं मागतं हेच तो ऐकत बसायचा आणि तुरीच्या डाळीऐवजी मुगाची बांधायचा. शेवटी त्यांनी हात जोडले आणि पोराला लातूरला शिकायला धाडलं. पुढं विरूपाक्षांनी कॉलेजातल्या नोकरीसाठी मुलाखतीही दिल्या. "स्वतःविषयी सांगा" असं म्हटलं की ते शिप आणि शीपविषयी सांगत. स्वतःविषयी त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

क्लासचं खरं आकर्षण म्हणजे शनिवारची भिंतीची परीक्षा. सर खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसत.

"आता मी इंग्रज हाय," ते जाहीर करत. "मला तुमचं तोंड दिसत न्हाई, हातवारे दिसत न्हाईत. मला फक्त शब्द पायजे."

मग एकेकानं त्यांच्या पाठीमागं उभं राहायचं, फळ्यावरच्या जोडीतला कोणता शब्द म्हणणार ते वर्गाला बोटांनी दाखवायचं, एक बोट किंवा दोन, आणि शब्द उच्चारायचा. पहिला ऐकू आला तर सर उजवा हात वर करत, दुसरा ऐकू आला तर डावा. बोट आणि हात जुळले की वर्ग ओरडायचा, "पास!" नाही जुळले की त्याहून आनंदानं, "नापास!" नापास झालेला माणूस पुढच्या शनिवारपर्यंत घरी, दुकानात, न्हाणीत तोच शब्द घोकत राहायचा. पण पास झाला की खरोखर पास असायचा. सरांचा हात बरोबर वर गेला म्हणजे लंडनपर्यंत रस्ता मोकळा, असं त्या माडीवर मानत.

मग कोविड आला, सगळ्यांनी तोंडं झाकली आणि सरांना वाटलं, जग हळू बोलायला लागलं. मास्क उतरले, तरी जग हळूच बोलत राहिलं. आधी त्यांनी दोष पोरांना दिला. "काय शब्द खाऊन राहिले रे! घरी जेवत न्हाई काय?" एका शनिवारी सगळा वर्ग नापास झाला. पुढच्या शनिवारीही. प्राइझचं गुणगुणणं त्यांना ऐकू येईना. दोन्ही शब्दांच्या टोकाला कुणीतरी कापूस कोंबल्यासारखं वाटे. घरी शिट्टी होऊन कुकर गप्प झाला तरी ते बायकोला विचारत, "वरण कधी होणार?" मंजुश्रीबाई त्यांच्याकडं पाहत आणि ताट वाढत. फोन वाजला की हळूहळू त्याच उचलू लागल्या.

त्याच सुमारास सरांनी क्लासच्या दारावरचा बसवण्णांचा फोटो काढून परीक्षेच्या भिंतीवर, आपल्या तोंडासमोर लावला. "गुरू समोर पायजे," ते म्हणाले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. धनुऱ्यांच्या घरात रोज इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय कुणी पाणी घेत नसे आणि क्लास उघडताना फोटोच्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढणं हा सरांचा जुना नेम होता.

फोटोची काच मोठी होती. चित्रातलं आभाळ गडद निळं. खिडकीतून पाठीमागच्या माणसाच्या तोंडावर ऊन पडलं की त्या निळ्या आभाळात त्याचे ओठ स्वच्छ दिसत. ताणलेले ओठ म्हणजे शीप. सैल म्हणजे शिप. हात पुन्हा बरोबर वर जाऊ लागला. वर्ग पुन्हा पास होऊ लागला.

काचेत बोटंही दिसत. पण बोटांकडं सरांनी कधी पाहिलं नाही. बोटांकडं पाहणं म्हणजे चोरी. ओठांकडं पाहणं म्हणजे ऐकण्याला थोडा हातभार. लबाडीलाही नीती असावी लागते आणि सर मुळात फार नीतिमान गृहस्थ होते. एकच अडचण होती. विभूतीचे पट्टे नेमके ओठांच्या उंचीवर येत. पहिल्यांदा त्यांनी तीनाचा एक पट्टा केला. मग तोही एका बाजूला सरकवला. मग एके दिवशी नुसते हात जोडले.

मंजुश्रीबाई सणाला क्लास झाडायला आल्या तेव्हा फोटोसमोर थांबल्या. "अहो, इबूत काहून न्हाई?"

"काच खराब होती," सर म्हणाले.

दीपमाला तेव्हा दर शनिवारी नांदेडहून एसटीनं यायची. मूळची जळकोटची, नर्सिंग लातुरात शिकलेली, तेव्हापासून सरांची विद्यार्थिनी, आता नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. परदेशातल्या एका इस्पितळात जागा होती आणि मुलाखत होती फोनवर. तिकडची बाई औषधांची नावं आणि मात्रा विचारणार, हिनं सांगायच्या. तिला दीपमाला दिसणार नव्हती. म्हणजे भिंतीची परीक्षाच, फक्त भिंत समुद्राच्या पलीकडं.

वडिलांनी, शेषेरावांनी, तिला बजावलं होतं. "एकच डाव. लागलं तर जा. न्हाई लागलं तर गपगुमान बोहल्यावर." अहमदपूरचं स्थळ तयार होतं. पोरगा चांगला होता म्हणत, पण घराण्याची एक अट होती: नोकरी सोडायची. त्या घरात सुनेनं सुई धरायची ती फक्त शिवणाची.

"सर, मला लई कडक तपासा," दीपमाला म्हणाली. "पंधराचं पन्नास ऐकू गेलं तर माणूस मरतो."

"भिऊ नको. हा हात वर गेला का समज, पोचलीस," सर म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांच्या मनात आलं, हिला सांगून टाकावं. पुढच्या शनिवारी सांगू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या शनिवारीही त्यांनी तेच ठरवलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? विरूपाक्ष धनुरेला ऐकू येत नाही? मग विरूपाक्ष धनुरे म्हणजे उरलं कोण? पेंडीच्या दुकानावर बसलेला एक गृहस्थ!

दसऱ्याच्या आधी एका शनिवारी बजरंगची पाळी होती. सरांनी काचेत पाहिलं, ओठ ताणले गेले होते, उजवा हात वर केला. वर्ग ओरडला नाही. अंमळ थांबून, मग एकदम, लग्नात बँड सुरू व्हावा तसा ओरडा झाला. सरांना तो ऐकू आला आणि बरं वाटलं. पोरांना आपली अजून भूल पडते, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर कुणीही नापास झालं नाही. दीपमालाही शेवटच्या शनिवारी सगळ्या जोड्यांत पास झाली. पाया पडून गेली.

मुलाखतीनंतरचा फोन मंजुश्रीबाईंनी घेतला. सर त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत उभे राहिले. फोन ठेवून त्या सरांसमोर आल्या आणि सावकाश, ओठ दिसतील असं बोलल्या, "न्हाई झालं म्हणती. त्या बाईला हिचं बोलणंच समजना. सारखं पुन्हा सांगा, पुन्हा सांगा. शेवटाला थँक्यू म्हणली."

"तिकडच्या बाईचाच कान खराब असंल," सर म्हणाले.

मंजुश्रीबाई आत गेल्या. चहा आणून ठेवला. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "फोटोला इबूत लावत जा आता."

सर नांदेडला गेले. दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. बाहेर गुरुद्वाऱ्याला निघालेल्या पाहुण्यांना ऑटोवाले हाका मारत होते; सरांना त्या हाका दिसत होत्या. दीपमाला ड्युटीच्या कपड्यांत आली, मास्क हनुवटीखाली ओढलेला.

"काय झालं, बाई? कुठं अडलं?"

"कुठंच न्हाई अडलं, सर. मी बोलून राहिले, त्या इचारून राहिल्या. फिफ्टीन का फिफ्टी? फिफ्टीन का फिफ्टी? मी ओठ पार कानापोतर ताणले, सर." ती हसायला गेली, ते जमलं नाही. "फोनवर ओठ कशाला दिसत्यात!"

"पण आपल्याकडं तर तू दर खेपेला पास…"

दीपमालानं मास्क नाकावर चढवला. वर नुसते डोळे राहिले. कापड आत गेलं, बाहेर आलं. ती वाट पाहत थांबली. सरांचा उजवा हात सवयीनं मांडीवरून उठला, थोडा वर गेला, तिथंच घुटमळला.

"फिफ्टीन," सर म्हणाले.

तिनं मास्क खाली घेतला. "मी म्हणलं, चहा घेता का?"

सर खाली पाहू लागले. लिंबाची वाळली पानं पडली होती. त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत हाय?"

"बजरंगदादानं एकदा नुसते ओठ हलवले. आवाजच काढला न्हवता, सर. तुमी हात वर केला."

"सगळ्यास्नी माहीत हाय?"

"सगळ्यास्नी."

"मग नापास काहून न्हाई म्हणलात?"

"तुमाला नापास कोण म्हणणार, सर?"

"मला न्हाई, बाई. तुला! तुला म्हणायचं होतं!"

"मला म्हणलं का ते तुमालाच लागायचं," दीपमाला म्हणाली. "दामिनीताई रडल्या त्या दिशी. जिन्यात उभं राहून ठरलं का सरांना कळू द्यायचं न्हाई. मला वाटलं, माझं बोलणं असंल ठीक. एवढे दिवस शिकून राहिले."

"दुसरा क्लास धरायचा! नांदेडात काय कमी हायेत?"

"तुमाला काय वाटलं असतं?"

रागावली असती तर सरांना बसायला आधार मिळाला असता. ती रागावली नव्हती. लग्नाची वैशाखातली तारीख धरली आहे, एवढं तिनं सांगितलं. कोरडेपणानं, वॉर्डातली बातमी सांगावी तसं. मग उठली आणि म्हणाली, "चला. कान तपासून घेऊ. आमच्या इथंच हाय."

सरांना एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानांवर जाड गोल हेडफोन चढवले. तपासणाऱ्या मुलीनं त्यांच्याकडं तोंड करून, मोठमोठ्यानं सांगितलं, "आवाज ऐकू आला की हात वर करा, काका. बारीक आला तरी करा." आणि त्यांची खुर्ची भिंतीकडं फिरवली.

सर भिंतीकडं तोंड करून बसले. बाजूला काचेची खिडकी होती. तिच्यात पलीकडच्या मुलीचा बटणावरचा हात पुसटसा उमटला होता. बोट दाबलं जाई तसा सरांचा हात वर जाई. जन्मात बोटांकडं न पाहणारे सर आता बोटांकडं पाहत होते. चार-पाच वेळा हात बरोबर वर गेला. मग काच काळी झाली. दीपमाला उठून खिडकीला पाठ लावून उभी राहिली होती. त्यानंतर सरांचा हात वर गेला नाही.

डॉक्टर भले होते. म्हणाले, जाड आवाज शिल्लक आहेत, बारीक गेले; स, झ, फ यांच्यासारखे. ते परत येत नाहीत. मशीननं आवाज मोठा होईल, पण शब्द स्पष्ट होतीलच असं सांगता येत नाही. "तुमचा व्यवसाय काय?" सरांना प्रश्न कळला नाही. दीपमालानं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

एसटीत बसवून देताना ती खिडकीखाली उभी राहिली, काहीतरी बोलली. काचेवर धूळ होती. सरांनी मान हलवली.

शनिवारी सर नेहमीपेक्षा आधी क्लासला गेले. विभूतीची वडी ओल्या बोटांवर घासली आणि फोटोवर तीन पट्टे ओढले. मग त्यांच्यावर आणखी तीन. मग मधल्या फटी भरल्या. निळं आभाळ गेलं, काच गेली, भस्माच्या मागं बसवण्णांचे नुसते डोळे राहिले. मंडळी आली तेव्हा सर फळ्यावर जोडी लिहीत होते: प्राइस, प्राइझ. पेंडीचा ताजा माल उतरत होता, खाली हमालांचे पाय वाजत होते. दीपमालाच्या जागी कुणी बसलं नव्हतं.

"आज भिंतीची परीक्षा," सर म्हणाले आणि खुर्ची फिरवली.

फोटो पाहून मागं कुजबुज झाली असेल तर सरांना ती कळली नाही. समोर पांढरं होतं. जमिनीच्या हादऱ्यावरून त्यांनी ओळखलं, कुणीतरी उठून उभं राहिलं. थांबलं. सरांनी उजवा हात वर केला.

"पास!" वर्ग ओरडला. सरांच्या कानात त्यातला फक्त 'पा' आला. पुढचा स आधीच गळला होता.

दुसरं कुणी उठलं. सरांनी उजवाच हात वर केला. "पा!"

तिसऱ्याला उजवा. चौथ्याला उजवा. एखादा तरी डाव्याचा शब्द म्हणाला असेलच की! पाचव्याला तर जमीन हादरायच्याही आधी हात वर होता. "पा!" "पा!" किती मनापासून ओरडत होती बिचारी. एकेकानं येऊन पेढा भरवावा तसं चाललं होतं.

शेवटी जड पावलं आली. हा बजरंग. पावलं सरांना अजून कळत. सरांनी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी घेरलेल्या माणसासारखे, आणि तसेच धरून ठेवले.

मागं काहीच हललं नाही. खालचे हमालही थांबले असावेत. नापासातला 'ना' जाड असतो. तो कानात अजून शिल्लक होता, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. एक 'ना' आला असता तर सर उठणार होते, खुर्ची सरळ करणार होते, आणि वैशाखाच्या आत दीपमालाला खरं शिकवील असा माणूस शोधायला सगळ्यांना सोबत घेऊन निघणार होते. हातांना रग लागली. तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत. पांढऱ्या काचेकडं पाहत, मान किंचित कलती करून, ते त्या एका अक्षरासाठी कान देऊन बसले.

"पा!" वर्ग ओरडला. दामिनीचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा असावा.